लिंडक्विस्टांचं देवक

क्योतो, १४ ऑक्टोबर २०१२

चि. कादंबरी,

आशीर्वाद. महिन्याचं पत्र तू पाठवायचं आणि मी दोन ओळींत पोच द्यायची, हा आपला शिरस्ता या वेळी मीच मोडतो आहे. भूकंपानंतर फोन लागेनात आणि आठव्या दिवशी तुझं पोस्टकार्ड हातात पडलं, तेव्हापासून माझा भरवसा टपालावरच बसला. शिवाय डावा कान आता नुसता शोभेला उरला आहे.

कोल्हापूरहून अक्काचा, म्हणजे तुझ्या आईचा, हुकूम आला आहे. जपानात आपलं माणूस मी एकटाच, तेव्हा मुलाची चौकशी मीच करायची. सोबत यादीही जोडली आहे. घराणं, आईवडील, भावंडं, स्वभाव, व्यसन. आणि सगळ्यात खाली दाजींच्या ठसठशीत अक्षरात वेगळी ओळ: आडनाव काय, त्याचा अर्थ काय, कुळी आणि देवक. आता स्वीडनच्या माणसाची कुळी मी क्योतोत बसून कुठून काढू? तुझी मामी म्हणते, आधी पोरीला विचारून तर बघा.

हसू नकोस. दाजींची सोयरिकीची वही तुला माहीत आहे. पंचक्रोशीतल्या मराठ्यांची कुळी आणि देवकं त्यांनी चाळीस वर्षं त्यात उतरवली आहेत आणि ती उघडल्याशिवाय मोहित्यांच्या भावकीत एक लग्न ठरत नाही. तुझ्या लग्नाला यायचं की नाही हे ते त्या वहीवरूनच ठरवणार. अक्का मला म्हणाली, ते आले नाहीत तर मीही येणार नाही. आणि ती दोघं नसताना मी एकट्याने तुला बोहल्यावर कोणत्या तोंडाने आणायचं? तेव्हा सविस्तर लिही.

मामा

त्सुकुबा, १९ ऑक्टोबर २०१२

ती. मामांस,

साष्टांग नमस्कार. तुमचं पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि एकटीच हसत बसले. समोरच्या कोबायाशी-साननी विचारलं, काय झालं? लग्नाआधी मुलाच्या आडनावाचा अर्थ तपासतात हे त्यांना सांगितलं, तर त्या गंभीरपणे म्हणाल्या, बरोबरच आहे.

तर यादीप्रमाणे. नाव नील्स लिंडक्विस्ट, वय चौतीस. वडील नाहीत, आई शाळेत शिकवते, धाकटी बहीण आहे. काम मातीचं. फुकुशिमाकडच्या रानात पानगळीखाली किरणोत्सार किती खोल उतरला ते मोजतो. सप्टेंबर २०११ मध्ये आला, म्हणजे आमच्या संस्थेतले निम्मे परदेशी सामान बांधून गेले त्यानंतर. दारू सणासुदीला, थोडी. स्वभावाचं एकच सांगते. कचऱ्यात कोणत्या वारी बाटल्या टाकायच्या, कोणत्या वारी कागद हे तो कधी चुकत नाही, आणि शेजारच्या म्हाताऱ्या यामामोतो-सानच्या पिशव्याही तोच खाली नेऊन ठेवतो.

आता आडनाव. लिंड हे त्यांच्याकडचं झाड आणि क्विस्ट म्हणजे डहाळी. त्यांच्याकडे पूर्वी प्रत्येक वाड्यावस्तीवर अंगणात एक राखणीचं झाड असायचं. ते घराचं भलंबुरं बघतं अशी समजूत. त्याची फांदी मोडली तर घरावर संकट येतं म्हणायचे. लिंडक्विस्टांच्या अंगणात लिंड होतं, त्यावरून नाव पडलं. हे त्याला आजीने सांगितलंय, आणि सांगताना त्याचा चेहरा असा होता की मला बाबांची आठवण झाली. बाबाही आपल्या देवकाबद्दल बोलताना असेच बोलतात.

हे त्यांना आवडेल ना?

कादंबरी

क्योतो, २६ ऑक्टोबर २०१२

चि. कादंबरी,

अगं, ते झाड माझ्या रोजच्या वाटेवर आहे! सायकलवरून विद्यापीठात जाताना एक देऊळ लागतं, त्याच्या अंगणात मोठं लिंड आहे आणि बुंध्याशी पाटी आहे, 'बोधिवृक्ष'. खरा बोधिवृक्ष म्हणजे आपला पिंपळ. पण त्याला इथली थंडी सोसत नाही. मग जुन्या काळच्या भिक्षूंनी हृदयाच्या आकाराच्या, टोकदार पानाचं हे झाड आणून लावलं आणि त्यालाच बोधिवृक्ष मानलं. शेकडो वर्षं लोक त्याला हात जोडताहेत.

तुम्हा मोहित्यांचं देवक पिंपळ. आणि तू गाठ घालतेस ती इथल्या पिंपळाच्या डहाळीशी! एवढ्या लांबून असा योग जुळून यावा म्हणजे काय! तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी दाजींना तीन पानी पत्र लिहिलं, राखणीच्या झाडाची गोष्ट रंगवून सांगितली आणि देवळातली दोन पानं वहीत दाबून, वाळवून सोबत पाठवली. वनस्पतिशास्त्रात तीस वर्षं घासल्याचं आज चीज झालं.

मामी म्हणते, जरा जास्तच शहाणपणा झाला. तिला नेहमीच तसं वाटतं.

मामा

त्सुकुबा, १८ नोव्हेंबर २०१२

ती. मामांस,

साष्टांग नमस्कार. बाबांचं पत्र आलं. छोटंच आहे, जसंच्या तसं लिहिते.

"जगदीशच्या पत्रावरून सर्व समजले. त्यांचे देवक पिंपळ, आपले देवक पिंपळ. ज्यांचे देवक एक, ती एका रक्ताची. बहीणभावाचे लग्न होत नाही. मुलाबद्दल माझी काही तक्रार नाही. विषय येथे संपला."

मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा हसू आलं, दुसऱ्यांदा राग आला, आणि तिसऱ्यांदा सुलेखाताई आठवली. तुम्ही तेव्हा इथे होता, म्हणून सांगते. बारा वर्षांपूर्वी मोठ्या काकांच्या सुलेखाचं लग्न ठरत आलं होतं. दोघांनी एकमेकांना पसंत केलं होतं. बाबांनी वही काढली, दोन्हीकडे पिंपळ निघाला आणि त्यांनी ते मोडलं. ताई पंधरा दिवस जेवली नव्हती. आता स्वतःच्या मुलीसाठी ते तोच नियम कसा मोडतील? आईने फोनवर हेच सांगितलं. ते म्हणतात, सुलेखाला काय तोंड दाखवू?

मामा, दोन झाडं एक नाहीत हे तुम्ही त्यांना समजावून सांगा. तुमचं ऐकतील. लग्नासाठी इथलं सभागृह चार मेचं घेतलंय. व्हिसाची निमंत्रणपत्रं मार्चच्या मध्यापर्यंत पाठवायला हवीत, नाहीतर त्यांना व्हिसा वेळेत मिळणार नाही. मी लग्न करणार आहे, त्यात बदल नाही. पण ते नसतील तर मला ते आयुष्यभर लागून राहील.

नील्सला मी अजून सगळं सांगितलेलं नाही.

कादंबरी

क्योतो, २९ डिसेंबर २०१२

चि. कादंबरी,

महिनाभर तुला लिहिलं नाही, कारण लाज वाटत होती. मराठ्याच्या घरात जन्मलो, अक्काच्या लग्नात देवक बसवताना पाटाशी बसलो होतो, आणि समान देवकाची गोष्ट माझ्या डोक्यात येऊ नये? पांडित्य दाखवायच्या भरात विसरलो. तुझ्या मामीने आठ दिवस मला काही ऐकवलं नाही, तेच जास्त झोंबलं.

तुझं पत्र मिळताच दाजींना लिहिलं होतं. पिंपळ वेगळ्या कुळातला, लिंड वेगळ्या. फुलं वेगळी, फळं वेगळी, एकाचं दुसऱ्याशी दूरचंही नातं नाही. त्यांचं उत्तर काल आलं. म्हणतात, "सुपारी मांडून गणपती म्हटले की तो गणपती. मग सुपारीचे झाड कोणते हे कोणी विचारत नाही. भिक्षूंनी मानले आणि शेकडो वर्षे पूजिले, तेव्हा तो बोधिवृक्षच. तुझे शास्त्र तुझ्याजवळ ठेव."  माणूस चुकीचं बोलत नाही, हीच पंचाईत आहे.

पण एक विचारतो. नील्सच्या घराण्याचं मूळ गाव नेमकं कुठे? मागे एका पत्रात तू लिहिलं होतंस की त्याच्या गावी जूनमध्ये सूर्य मावळतच नाही. ते खरं असेल तर मला एक शंका आहे. लिंडला एवढी थंडी चालत नाही. स्वीडनच्या मधल्या भागाच्या थोडं वर गेलं की ते आपण होऊन रुजत नाही. एवढ्या उत्तरेला कुणाच्या अंगणात राखणीचं लिंड असेल यावर माझा विश्वास बसत नाही.

त्याला हळूच विचार. माझ्या एका चुकीपायी तुमच्यात वितुष्ट नको.

मामा

त्सुकुबा, २० जानेवारी २०१३

ती. मामांस,

साष्टांग नमस्कार. तुमची शंका खरी ठरली.

मी नील्सला सगळं सांगितलं. देवक म्हणजे काय, वही, सुलेखाताई, आणि तुमचं थंडीचं गणित.  तो म्हणाला, आमच्या गावात भूर्ज आहे, पाइन आहे. लिंड मी पहिल्यांदा पाहिलं ते कॉलेजला दक्षिणेत गेलो तेव्हा. तरी मला कधी प्रश्न पडला नाही.

चार दिवसांनी त्याने आत्याला फोन केला. घरातली जुनी कागदपत्रं तिच्याकडे असतात. खरी हकिगत अशी. त्यांच्याकडे पूर्वी साध्या माणसांना आडनावच नसायचं. बापाच्या नावापुढे 'मुलगा' लावायचं, झालं. नील्सच्या खापरपणजोबांचं नाव कार्ल. बाप अँडर्स, म्हणून कार्ल अँडर्सन, अँडर्सचा मुलगा. १८८३ साली तो रेल्वेच्या कामावर गेला. बापाला त्याने शेती करायला हवी होती, त्यावरून मोठं भांडण झालं. कामावर आधीच तीन कार्ल अँडर्सन होते. मुकादम म्हणाला, दुसरं नाव घे. तेव्हा शहरातल्यांचं बघून अशी नावं घ्यायची पद्धत पडली होती. झाड, डोंगर, ओढा यातलं एक आवडेल ते उचलायचं आणि त्याला डहाळी, पान, प्रवाह असलं काही जोडायचं. कार्लने लिंड आणि डहाळी घेतली. नाव ऐकायला बरं वाटलं, एवढंच. अंगणात झाड नव्हतं. अंगणच सोडून आला होता. बापाचं नाव टाकलं ते परत कधी लावलं नाही. राखणीच्या झाडाची गोष्ट पुढे कुणीतरी मुलांसाठी रचली असेल.

म्हणजे देवक नाहीच, हरकत संपली. पण मामा, हे बाबांना कसं कळवू? माझं गाव सोडून जाणं त्यांना आधीच सलतं. त्यात ज्या घरात जायचं त्या घराचं नावच मुळी बापाचं नाव टाकून आलेलं. गोष्टीतलं झाड तरी बरं होतं. तुम्ही परवानगी दिली तर मी एवढंच लिहीन की नाव हौसेने घेतलेलं होतं. भांडणाचं लिहिणार नाही.

कादंबरी

क्योतो, २५ जानेवारी २०१३

चि. कादंबरी,

नको. सगळं कळव, आणि तू नको, नील्सला लिहू दे. इंग्रजीत लिहू दे, खाली तू मराठी कर. दाजींना अर्धं सांगितलेलं आज ना उद्या कळतं. चाळीस वर्षं लोकांच्या सोयरिकी तपासल्यात त्यांनी.

आणि अर्धं सांगितल्याचं ओझं काय असतं ते मला ठाऊक आहे, ते आता तुलाही सांगायला हवं. २०११ च्या मार्चमध्ये, तुझं पोस्टकार्ड आल्यावर चारपाच दिवसांनी, दाजींचा मला फोन आला होता. "तिला विमानात बसव. मी तिकीट पाठवलंय, ती ऐकत नाही, तुझं ऐकेल." मी शब्द दिला. आणि तुला मी एका शब्दाने बोललो नाही. मला वाटलं, तू राहायचं ठरवलंस ते विचार करून ठरवलं असशील. पण दाजींना मी तसं सांगितलं नाही. सांगितलं की मी खूप समजावलं, ती हट्टी आहे. दोन वर्षं त्यांना वाटतंय की तू आम्हा दोघांचंही ऐकलं नाहीस.

परवा मी त्यांना हेही लिहून टाकलं. उत्तर येईल असं वाटत नाही. पण तुझ्या नील्सने आजीची गोष्ट मोडून खरं सांगितलं, तर मीही लपवून काय करू? मला त्या मुलाचा अभिमान वाटला.

मामा

त्सुकुबा, ३ मार्च २०१३

ती. मामांस,

साष्टांग नमस्कार. ते तिकीट मी अजून ठेवलंय. तुम्ही मला बोलला असतात तरी मी गेले नसते, तेव्हा तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. पण बाबांना खोटं सांगितलंत याचा राग आला, आणि महिनाभर तुम्हाला लिहिलं नाही. आता गेला.

नील्सने एक फेब्रुवारीला पत्र टाकलं. दोन पानं. भांडण, मुकादम, सगळं. शेवटी लिहिलं होतं, आमच्या नावाला झाड नाही, ते आम्ही उसनं घेतलं, हे तुमच्यापासून लपवावं असं वाटलं नाही. 

बाबांकडून तीन आठवड्यांनी पोस्टकार्ड आलं. देवकाबद्दल अवाक्षर नाही. 'येतो' असंही नाही, 'येत नाही' असंही नाही. एकच ओळ, नील्सच्या नावे: "अँडर्स आणि त्याचा मुलगा पुन्हा भेटले का?"

नील्सने परत आत्याला विचारलं. तिने चर्चच्या दफ्तराच्या नकला काढून पाहिल्या. कार्ल गेल्यावर अँडर्स अकरा वर्षं जगला. त्याला कार्लचं एकही पत्र आल्याचं कुणी ऐकलेलं नाही. त्याला पुरलं त्या दिवशीच्या नोंदीत हजर म्हणून मुलीचं नाव आहे, कार्लचं नाही. मी नील्सला म्हटलं, 'माहीत नाही' असं लिही. ते खोटंही नाही फारसं. तो म्हणाला, "त्यांनी सरळ विचारलंय." आणि कागदावर 'नाही' एवढं लिहून सही केली, लगोलग पोस्टात जाऊन जलद टपालाने पाठवलं.

व्हिसाचे कागद भरून टेबलाच्या खणात ठेवलेत. त्यांचं उत्तर आल्याशिवाय पाठवून काय उपयोग? अजून दहाबारा दिवस आहेत. काल दुपारी पुन्हा थोडं हललं. मी टेबलाखाली गेले आणि तिथे बसून मला रडू आलं, धक्क्याने नाही. तुम्हाला लिहिलं म्हणजे जरा बरं वाटतं, म्हणून लिहिते.

कादंबरी

कोल्हापूर, ११ मार्च २०१३

चि. कादंबरीस,

आशीर्वाद. नील्सरावांचं दुसरं उत्तर मिळालं. 'नाही' लिहून खाली सही केली आहे. आडवळणाने लिहिलं नाही, हे मला आवडलं. हे पत्र मोठ्या काकांचा चंद्रहास जलद टपालाने टाकेल, म्हणजे वेळेत पोचेल.

देवकाचं म्हणशील तर झाड नव्हतं, नाव हौसेनं घेतलेलं, तेव्हा देवक नाही. हरकत राहिली नाही. हे त्यांच्या पहिल्या पत्रानंतरच मी कळवू शकलो असतो. कळवलं नाही, कारण हरकत मिटली तरी मला बरं वाटलं नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझी हरकत देवकाची नव्हतीच.

मी इचलकरंजीला सुलेखाकडे जाऊन आलो. तुमची सगळी पत्रं तिला वाचून दाखवली. तिने ऐकून घेतलं, चहा ठेवला, आणि पाठमोरी राहूनच म्हणाली, "काका, माझ्या वेळी एवढी चौकशी केली असती तर?"  त्या मुलाच्या घरचा पिंपळ खरा की सांगोवांगीचा, हे मी तेव्हा विचारलंच नव्हतं. वहीत होतं तेवढं पाहिलं आणि नाही म्हटलं. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, आता राहू द्या. तिचं चांगलं चाललंय, पण त्यात माझा काही वाटा नाही. वही आता मी कुणासाठी उघडणार नाही.

त्या अँडर्सचा विचार मनातून जात नाही. अकरा वर्षं त्याने वाट पाहिली की नाही, हे कुठल्या दफ्तरात लिहिलेलं नसेल. मला ठाऊक आहे. दोन वर्षांपूर्वी याच तारखेला मी टीव्हीसमोर बसलो तो दुसऱ्या दिवशी उठलो. तुला तिकीट पाठवलं, तू आली नाहीस. मग तीन महिने मी तुझ्याशी बोललो नाही, फोन आला की आईकडे द्यायचो. सगळ्यांना वाटलं मी रागावलो. मी भ्यालो होतो, पोरी. अजून भितो. आणि तू आता परत राहायला येणार नाहीस, हेही मला कळलं आहे. मुलगा निघून गेला म्हणून अँडर्सने दार लावलं असेल, किंवा मुलाने मागे वळून पाहिलं नसेल. कुणी का चुकलेलं असेना, अकरा वर्षं गेली. माझं वय सदुसष्ट आहे. माझ्याजवळ तेवढी वर्षं घालवायला नाहीत.

आम्ही येतो. दोघांचे कागद आजच्या आज पाठव. जगदीशला सांग, खोटं बोललास त्याबद्दल मी भेटल्यावर बोलेन, पण मुलीला बोहल्यावर आणायचा मान मामाचा आणि तो त्याचाच आहे. त्याला दुसरा कोट आणायला सांग, मागच्या लग्नातला नको.

आई विचारते, लग्नानंतर तू नाव काय लावणार? आपल्यात मधलं बापाचं नाव जाऊन नवऱ्याचं येतं. तिकडचा कायदा काय म्हणतो मला माहीत नाही. माझं विजयकुमार ठेव, नील्स लाव, मोहिते लाव, लिंडक्विस्ट लाव, तुझं तू ठरव. तुला हाक मारताना मी आडनाव कधी लावलं नव्हतं.

बाबा